समरकंद व्हाया पाचोड

सध्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत एक नवीन साथ पसरलीय. उझबेकिस्तान! थायलंड करून झालं, बाली करून झालं, व्हिएतनामचे कंदील सगळ्यांच्या मोबाइलमध्ये लटकून झाले. आता समरकंद-बुखारा. दिल्लीहून विमानात बसलं की साधारण तीन तासांत ताश्कंद. निळे घुमट, निळ्या टाइल्स, निळं आकाश. फोटोला फिल्टरसुद्धा लागत नाही. वर ‘सिल्क रूट’ हा शब्द. तो उच्चारला की आपण टूरिस्ट राहत नाही, एकदम ट्रॅव्हलर होतो!

माझा या साथीला अजिबात विरोध नाही. जरूर जा. समरकंदचा रेगिस्तान चौक हा जगातल्या सर्वांत देखण्या चौकांपैकी एक आहे, यात वाद नाही. फक्त माझं एक छोटं म्हणणं आहे. या रस्त्याचं एक टोक आपल्याकडे आहे आणि ते एका वीकेण्डमध्ये बसतं. तिकीट एसटीचं लागतं.

माझं गाव पाचोड. ‘कुठे आलं हे?’ हा प्रश्न मला पुण्यात इतक्या वेळा विचारला गेलाय, की उत्तर आता तोंडपाठ झालंय. तालुका पैठण, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. शहरातून बीडच्या रस्त्याला लागायचं, आडूळ मागे टाकायचं, पन्नासेक किलोमीटरवर पाचोड. धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. मोसंबीचं मार्केट फेमस. सीझनमध्ये इथून भरलेले ट्रक थेट उत्तरेतल्या मोठ्या शहरांकडे निघतात. थोडक्यात काय, तर आजही आमच्या गावाचं पोट व्यापाराच्या रस्त्यावरच भरतं.

मागच्या हिवाळ्यात टीममधल्या चौघांना घेऊन गावी गेलो. गाडी चालवायला माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा शेतकरी आहे आणि ‘तीन दिवस नुसते जुने दगड बघायचे?’ या विषयावर त्याची मतं बरीच स्पष्ट होती.

पहिला दिवस पैठण. इस्लामी वास्तुकला बघायला निघालेली माणसं आधी सातवाहनांच्या राजधानीत कशाला, असा प्रश्न मागच्या सीटवरून आलाच. कारण रस्ता आधी आला. मशिदी-मकबरे, घुमट-मिनार नंतर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने दर्यावर्दी लोकांसाठी एक गाइड लिहून ठेवलंय. ‘पेरिप्लस’. त्यात आपलं पैठण आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड गाड्यांमधून भडोचला जायचे, तगरहून कापड जायचं. तिथून जहाजाने पुढे रोमन साम्राज्यात. आपल्या मराठवाड्याची एक्स्पोर्ट क्वालिटी दोन हजार वर्षं जुनी आहे, बॉस!

पैठणला आणखी एक गोष्ट दाखवली. जायकवाडीचं धरण. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि समोर समुद्रासारखा नाथसागर. याची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ११ जानेवारी १९६६ ला, शास्त्रीजी ताश्कंदमध्ये गेले. उझबेकिस्तानला जाणारे आपले बहुतेक टूरिस्ट ताश्कंदमधल्या त्यांच्या पुतळ्यापाशी थांबतात. त्यांचं शेवटच्या वर्षातलं एक काम इथे गोदावरीत उभं आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. धरण पुरं झालं १९७६ मध्ये.

दुसरा दिवस शहराचा. मी अजून बोलताना अधूनमधून औरंगाबाद म्हणून जातो. २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. तसं पाहिलं तर या शहराला नावं बदलायची सवयच आहे. मुळात खडकी नावाचं गाव. १६१० मध्ये मलिक अंबरने ते राजधानीचं शहर म्हणून वसवलं. १६२६ मध्ये तो गेल्यावर मुलाने, फतेह खानाने, फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि औरंगाबाद झालं.

यातला मलिक अंबर हा माझा हीरो. कारण त्याचा बायोडेटा वाचा. जन्म साधारण १५४८, इथिओपियात. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार, मालकामागून मालक करत बगदादमार्गे दख्खनला पोहोचला. आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला! मुघलांना त्याने आयुष्यभर दमवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले होते. आपण तीन वर्षांत प्रमोशन नाही मिळालं म्हणून नोकरी डॉट कॉम उघडतो.

त्याने बांधलेला भडकल दरवाजा १६१२ चा, मुघलांवरच्या विजयाची आठवण. रोज त्याच्या आसपास रिक्षा हॉर्न मारत असतात आणि तो शांतपणे उभा असतो. पण मलिक अंबरचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. ते जमिनीखाली आहे. नहर-ए-अंबरी.

खडकी नावाप्रमाणेच खडकाळ. मोठी नदी नाही. अशा ठिकाणी राजधानी करायची म्हणजे पाण्याचा प्रश्न पहिला. मलिक अंबरने शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी, जमिनीतलं पाणी गाठलं आणि भुयारी नळांतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, वीज तर नाहीच. मध्ये जागोजागी मनोरे. पाणी त्यात चढायचं, कोंडलेली हवा बाहेर पडायची आणि प्रवाह पुढे सरकायचा. ही विद्या मूळची इराण-मध्य आशियाच्या कोरड्या मुलखातली. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. ती व्यापाऱ्यांच्या, सैनिकांच्या आणि कारागिरांच्या डोक्यात बसून इकडे आली. त्याच काळात, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाने कुंडी भंडारा बांधवला. तीच विद्या. आणि १६२० च्या सुमारास तिकडे बुखाऱ्यात लाब-ए-हौज हा तलाव तयार झाला. आज उझबेकिस्तानच्या प्रत्येक ब्रोशरवर तुतीच्या झाडांखाली चहा पिणारे टूरिस्ट दिसतात ना, तोच. बुखारा, बुऱ्हाणपूर, खडकी. एकाच दशकात तीन शहरं एकाच प्रश्नाशी झटत होती.

तिथून आम्ही पाणचक्कीला गेलो. शाळेच्या सहलीत आपण सगळेच इथे आलोय. हौदातले मासे बघितले, पॉपकॉर्न खाल्लं, बसमध्ये बसलो. या वेळी जरा थांबून बघितलं. इथे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे मुसाफिर मूळचे कुठले? बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे! त्यांचे गुरू बाबा पलंगपोशही त्याच गावचे. दोघंही नक्शबंदी पंथाचे सूफी, आणि त्या पंथाचे मूळपुरुष बहाउद्दीन नक्शबंद यांची समाधी बुखाऱ्याजवळच आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीला मुघल फौजेत मध्य आशियातून नोकरीसाठी आलेले सैनिक भरपूर होते. घरापासून हजारो किलोमीटर लांब, भाषा वेगळी, जेवण वेगळं. त्यांचे हे पीर त्यांच्यासोबत छावणीत फिरायचे. बाहेरगावी जॉबला गेलेल्या मुलांना आपल्या गावाकडचा माणूस भेटल्यावर जे वाटतं, ते या सैनिकांना इथे वाटत असणार. जागेचं नावच तकिया, म्हणजे टेकायची जागा.

पुढे निजाम-उल-मुल्कच्या काळात तुर्कताज खानाने १७४४ च्या सुमारास इथे पाणी आणलं. डोंगरातून आलेलं पाणी भिंतीवर चढतं, वरून खाली पडतं आणि त्या जोरावर चक्की फिरते. दळलेलं पीठ जायचं यात्रेकरू, फकीर आणि मदरशातल्या मुलांच्या भाकरीसाठी. आणि तो मोठा हौद? त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छप्पर आहे. डोक्यावर पाणी, खाली खांबांचा थंडगार हॉल. मे महिन्यातला नॅचरल एसी.

तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला दादा इथे मात्र उठला. भिंतीच्या टोकापासून हौदापर्यंत नजर फिरवत तो एकदम म्हणाला, “हे तर सायफन हाय! पाणी जितकं उंचावून निघालं तितकं वर चढणारच की. मधी हवा धरू द्यायची नाही फक्त.” मग पुढची दहा मिनिटं त्याने आमच्या दोन इंजिनीअरांना उतार, दाब आणि गाळ या विषयांवर लेक्चर दिलं. ठिबकच्या नळ्यांशी वीस वर्षं मारामारी केलेला माणूस तो. आमच्यातला सर्वांत चांगला गाइड गाडी चालवत होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मकबऱ्यावर मी फार लिहीत नाही. ‘गरिबांचा ताज’ म्हणून नाक मुरडायची फॅशन जुनी आहे. दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारली, मकबरा १६६०-६१ च्या सुमाराचा. तो मुलगा आझमशाहाने बांधला असं आपण पाठ केलंय, पण आझमशाहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे तेव्हा पोरगं सात-आठ वर्षांचं! खर्चाचा आकडा सांगतात सहा लाख अडुसष्ट हजार रुपयांचा. संगमरवर घुमटाला आणि खाली कमरेएवढ्या उंचीला, बाकी आपला काळा दगड आणि वर गुळगुळीत गिलावा. बजेट कमी असताना डिझाइन कसं सांभाळायचं याची ही केस स्टडी आहे. आणि मुख्य दरवाजावर दोन नावं कोरलीयत ती जरूर शोधा. वास्तुकार अताउल्ला आणि इंजिनीअर हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाचे मुख्य वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बाबर आला तो आजच्या उझबेकिस्तानातल्या अंदिजानचा. समरकंदला तैमूरच्या कबरीवर जो कांद्यासारखा घुमट आहे, त्याचा वंश दिल्ली-आग्रा करत इथवर पोहोचलाय.

रात्री नान-खलिया. मी रेसिपी सांगणार नाही, फक्त एवढंच सांगतो की भट्टीतला तो पिवळसर नान समरकंदच्या जाडजूड गोल रोटीचा लांबचा नातेवाईक वाटतो.

तिसऱ्या दिवशी दौलताबाद आणि खुलताबाद. यादवांच्या देवगिरीला १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दौलताबाद म्हणून राजधानी केलं, हे आपल्याला माहीत असतं. त्याला वेडा म्हणून आपण पुढे जातो. पण त्या तांड्याबरोबर दिल्लीहून विणकर, कागद बनवणारे, सूफी, शायर असे सगळे आले. हिमरू आला, रेशीम आणि सूत एकत्र विणून केलेलं कापड. बुखाऱ्याच्या बाजारात ‘अद्रस’ म्हणून जे कापड टूरिस्टांना महागात विकतात, तेही रेशीम आणि सुताचंच. खुलताबादच्या वाटेवरचं कागजीपुरा गाव हातकागदासाठी प्रसिद्ध. ही कला तुघलकाच्या वेळी आली असं सांगतात. आणि हातकागदाचं सर्वांत मोठं नाव कुठलं होतं? समरकंद! दौलताबादेतला चांदमिनार १४४५ चा, बहमनींचा, सुमारे २१० फूट उंच. त्याला एकेकाळी इराणी निळ्या टाइल्स जडवल्या होत्या. इब्न बतूताने चौदाव्या शतकात समरकंद-बुखाराही बघितलं आणि दौलताबादही. त्याच्या पासपोर्टवर दोन्ही शिक्के होते म्हणायचे.

खुलताबादला मात्र गाडीत जरा शांतता झाली. इथे औरंगजेबाची कबर आहे. वर छप्पर नाही, साधी माती. १६८९ मध्ये त्याने आपल्या संभाजीराजांचे काय हाल केले, हे आठवल्याशिवाय कुठलाही मराठी माणूस इथे उभा राहू शकत नाही. मीही नाही. २०२५ च्या मार्चमध्ये या कबरीवरून राज्यभर वाद पेटला, नागपुरात दंगल झाली आणि इथे मोठा बंदोबस्त लागला. आमच्या टीममधली एक जण आत आलीच नाही, आणि तो तिचा हक्क होता. पण याच गावात मलिक अंबरचीही कबर आहे, ज्याने याच मुघलांना दख्खनमध्ये आयुष्यभर दमवलं. ती म्हणाली, “इथे येते.” त्या घुमटाखाली आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. इथून पाचेक किलोमीटरवर वेरूळ, भोसल्यांची गढी. इतिहास इतका दाटीवाटीने राहतो इथे, की एकाच वेळी राग, अभिमान आणि आश्चर्य असं तिन्ही वाटतं.

परतीच्या वाटेवर दादाने विचारलं, “तुमच्या त्या बुखाऱ्यात पाणी कसंय?”

मी वाचलेलं सांगितलं. बुखाऱ्यात पूर्वी असे पुष्कळ हौज होते. त्याच पाण्यातून नारू पसरायचा. आपल्याकडेही आजोबांच्या पिढीला नारू माहीत होता. भारत त्यातून २००० मध्ये अधिकृतपणे मुक्त झाला. सोव्हिएत काळात तिथले बहुतेक हौज बुजवले आणि नळाचं पाणी आणलं. लाब-ए-हौज मात्र वाचला.

“म्हणजे त्यांनी जुनं बंद करताना नवीन दिलं,” दादा म्हणाला.

त्याचा रोख मला कळला. आपल्या शहराने जुन्या नहरींवर घरं बांधली, नळ फोडले, काही ठिकाणी त्यात सांडपाणी सोडलं. आणि नवीन? जायकवाडीचं पाणी इतक्या लांबून पंपाने चढवून आणायचं, ते कित्येक भागांना आठवड्यातून एकदा मिळायचं. मे २०२२ मध्ये याच शहरात पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला होता. नवीन पाणीयोजनेच्या बातम्या वाचता वाचता लोकांचे केस पांढरे झाले.

आणि आमच्या गावाचं काय? २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या बागेला काकांनी आधी विकतचे टँकर घातले. मग पैसे संपले. मग झाडं वाळली. पंधरा वर्षांची झाडं काकांनी स्वतः उभं राहून तोडली आणि जळण म्हणून दिली. मी पुण्यात नोकरी धरली ती त्याच वर्षी. तुमच्या ऑफिसमध्ये मराठवाड्यातला कुणी असेल तर विचारून बघा, त्याच्याकडेही अशीच एक तारीख असते. पैठण, तगर, दौलताबाद अशी मोठी शहरं कशी ओस पडली, याची कारणं पुस्तकात असतात. सत्तेचं केंद्र हललं, व्यापार दुसऱ्या वाटेने गेला. पाण्याचं कारण समजायला मला पुस्तक लागत नाही.

दादाने त्या जमिनीत तेव्हापासून कापूस आणि तूर यापलीकडे काही लावलं नाही. मोसंबी लावायची तर फळ धरायलाच पाचेक वर्षं जातात. पाच वर्षं पाणी मिळेल याची गॅरंटी कोण देणार? पण त्या रात्री जेवताना त्याने कागद घेतला आणि शेताच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला, एक चर आखला. मातीत मुरणारं पाणी खालच्या विहिरीत कसं आणता येईल, याचं चित्र. काका म्हणाले, “सतरा वेळा सांगितलं होतं मी हे.” दादा म्हणाला, “आता बघून आलो ना.” उन्हाळ्यात चराचं काम झालं. दीडशे कलमं लावलीयत. जगतील का, हे मी आज सांगू शकत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर सोपं आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय, त्यामुळे मुंबईकरांचीही सोय झाली. शुक्रवारी रात्री निघा. शनिवारी पैठण आणि शहर, रविवारी दौलताबाद आणि खुलताबाद. सोमवारची सुट्टी टाकलीत तर पाचोडचं मार्केट बघा, ढीग लावून चाललेला मोसंबीचा लिलाव बघा. शहरात कुणी नहरीचा मनोरा दाखवला तर त्याच्याशी पाच मिनिटं बोला. आणि पुढच्या वर्षी बुखाऱ्याला गेलात, तर लाब-ए-हौजच्या काठावर चहा पिताना तिथल्या माणसाला सांगा, की तुमच्या गिज्दुवानचे एक बाबा आमच्याकडे मुक्कामाला आले, ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या दारातलं पाणी चारशे किलोमीटरवरून लोक बघायला येतात.